तंजावर पेंटिंग पहिल्यांदा करताय? सोन्याच्या आधीचं काम नीट करा

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर मला शिव्या नकोत. तंजावर पेंटिंग म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढे सोनं येतं, आणि नवीन माणसाला हमखास वाटतं की खाली थोडं वेडंवाकडं झालं तरी चालेल, वरून सोनं लागणारच आहे, झाकलं जाईल. होतं बरोबर उलटं. ते फॉईल इतकं पातळ असतं की खालचा एकेक खडा, ब्रशचा एकेक ओरखडा वर जसाच्या तसा उठतो, आणि चमकतो म्हणून आणखीनच दिसतो. माझ्या पहिल्या गणपतीची प्रभावळ बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, "ह्याला गोवर आलाय का गं?" तर हा सगळा लेख ती गोवर टाळण्यासाठी आहे असं समजा.

थोडी पार्श्वभूमी, कारण मराठी माणसाला ही माहीत असायलाच हवी. तमिळमध्ये ह्या चित्रांना पलगै पडम म्हणतात, म्हणजे फळीवरचं चित्र, आणि खरंच जुनी चित्रं फणसाच्या किंवा सागाच्या फळीवर आहेत. विजयनगर पडल्यावर बरेच कलावंत दक्षिणेकडे सरकले, तंजावर आणि तिरुचिरापल्लीकडचे राजू आणि मदुरैकडचे नायडू अशी ह्या कामातली घराणी सांगतात, मुळात तेलुगू बोलणारी माणसं. पण आज आपण जिला तंजावर शैली म्हणतो ती बहरली मराठ्यांच्या काळात. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे (एकोजी) यांनी 1676 च्या सुमारास तिथे राज्य सुरू केलं आणि ते 1855 पर्यंत भोसल्यांकडे होतं. दुसरे सरफोजी (1798 ते 1832) हे त्यातले फार वेगळे राजे, पुस्तकं जमवणारे, कलावंतांना आश्रय देणारे. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीतली कागदपत्रं आहेत आणि बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर 1803 मधला भोसले घराण्याचा लांबलचक मराठी शिलालेख आहे, मी पहिल्यांदा बघितला तेव्हा तमिळनाडूत देवळाच्या भिंतीवर मराठी वाचताना अंगावर काटा आला होता. असो. 2007-08 मध्ये तंजावर पेंटिंगला जीआय टॅग मिळाला, म्हणजे हे नाव कायद्याने त्या भागात केलेल्या चित्रांचंच, त्यामुळे आपण डोंबिवलीत बसून करतो ते तंजावर शैलीतलं चित्र, विकताना एवढा फरक लक्षात ठेवा.

अजून एक गोंधळ नेहमी होतो, म्हैसूर आणि तंजावर. दोन्ही चुलत बहिणी आहेत. म्हैसूरमध्ये उठाव (सोन्याखालच्या नक्षीचा उंचवटा) अगदी नाजूक, हाताला जेमतेम लागेल एवढा, सोन्याचा वर्ख पातळ, आणि खडे सहसा नसतात. तंजावरमध्ये उठाव ठसठशीत, काचेचे खडे, भडक रंग, आणि मधला देव मोठा, गोलसर चेहरा, बदामी डोळे, भोवती कमान, खांब, पडदे. माझं मत विचाराल तर म्हैसूर जास्त देखणं आहे पण शिकायला तंजावर सोपं, कारण जाड कामात हात थरथरला तरी खपून जातं. थोडंसं. खूप नाही.

आता चित्र निवडा. राम पट्टाभिषेक करू नका, हात जोडून सांगते. त्यात दहा-बारा माणसं, हनुमान, सिंहासन, छत्रचामर, तुम्ही तिसऱ्या महिन्यात ती फळी पलंगाखाली ढकलाल आणि दिवाळीच्या साफसफाईत ती सापडेल. पहिलं चित्र एकाच देवाचं, साधारण 10 बाय 12 इंच. लोण्याचा गोळा हातात धरलेला बाळकृष्ण (नवनीत कृष्ण) हा सगळ्यांचा लाडका, आणि अंग गुबगुबीत असल्यामुळे ड्रॉईंग थोडं चुकलं तरी गोड दिसतं. गणपती चालतो. लक्ष्मी सोपी वाटते पण साडीच्या चुण्या आणि दागिने मिळून काम वाढतं. विठ्ठल करायचा मोह होईल, मलाही झाला होता, पारंपरिक तंजावर चित्रांत तो फारसा दिसत नाही पण काळ्या अंगावर सोन्याची कुंडलं आणि कंठी काय दिसते म्हणून सांगू. फक्त दुसऱ्या चित्राला ठेवा, काळ्या रंगावर शेडिंग करणं अवघड जातं.

सामान. 9 एमएमचं वॉटरप्रूफ प्लाय (मोठ्या चित्राला 12), प्लायवूडवाल्याकडून मापात कापून घ्या, तो कडा साफ करून देतो. मांजरपाट किंवा जुनी धुतलेली सुती चादर, नवीन कापड असेल तर आधी धुवून खळ काढा. फेविकॉल, चॉक पावडर, डिंक, पॉलिश पेपर दोन तीन नंबरचे (150, 220 आणि एक अगदी बारीक), काचेचे सपाट बुडाचे खडे लाल हिरवे पांढरे, पोस्टर कलर, ब्रश झिरो आणि ट्रिपल झिरो दोन्ही, आणि गोल्ड फॉईल. एमडीएफ घेऊ नका. मी स्वस्त पडतं म्हणून घेतलं होतं, ओले थर लागल्यावर ते कोपऱ्यातून पापडासारखं वर आलं.

फॉईलबद्दल वेगळं बोलायला हवं. बाजारात खऱ्या सोन्याचं मिळतं, 22 किंवा 24 कॅरेटचं, आणि इमिटेशनही मिळतं, आणि फोटोत दोन्ही सेम दिसतात. इमिटेशन पुढे काळपट पडतं, माझं एक चित्र दोन पावसाळ्यांत पितळेच्या न घासलेल्या तांब्यासारखं झालं, आणि विकणाऱ्याने ओरिजिनल म्हणूनच दिलं होतं. त्यामुळे ओळखीच्या माणसाकडून घ्या, बिल मागा, बिलावर कॅरेट लिहून मागा. सोन्याच्या भावाप्रमाणे किंमत बदलते म्हणून इथे आकडा लिहीत नाही. सरावाला मात्र इमिटेशनच वापरा, एका छोट्या तुकड्यावर हात बसेपर्यंत खऱ्याला हात लावू नका. अजून एक, मिठाईवरचा वर्ख फुंकरीने उडतो तसं हे नसतं, मी वापरते त्या शीटला मागे पातळ कागद असतो आणि तो कागदासकटच कापून चिकटवायचा असतो.

चला फळी करू. प्लायवर पाणी घालून थोडं सैल केलेलं फेविकॉल सगळीकडे सारखं लावा, कापड ठेवा, मधून कडेकडे हाताने दाबत जा म्हणजे बुडबुडे निघतात, कडा मागे वळवून चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या. जुने लोक इथे चिंचोक्याची खळ आणि डिंक वापरायचे, आणि कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकायचे. तुम्ही मोरचुदाच्या भानगडीत पडू नका, विषारी असतो, घरात लहान मुलं असतील तर नकोच, फेविकॉल पुरे.

मग थर. चॉक पावडर चहाच्या बारीक गाळणीतून किंवा फडक्यातून गाळून घ्या. ही पायरी सगळे गाळतात, म्हणजे गाळणं गाळतात, आणि गोवर इथून सुरू होते. त्यात फेविकॉल आणि पाणी घालून आटलेल्या बासुंदीइतकं दाट करा आणि रुंद ब्रशने एका दिशेने लावा. वाळलं की दुसरा थर आडव्या दिशेने, मग तिसरा. तीन झाले की पॉलिश पेपर, आधी 150, मग 220, आणि मग बोटं फिरवून बघा, डोळ्यांनी नाही, डोळे मिटून. कापडाची वीण बोटाला लागली तर अजून एक थर. फळी लॅमिनेटेड कार्डसारखी गुळगुळीत लागली पाहिजे. घासताना मास्क लावा आणि बाल्कनीत बसा, ती पांढरी पूड घरभर होते, आमच्याकडे टीव्हीच्या मागे अजून सापडते. मुंबईत पावसाळ्यात एक थर वाळायला दोन दिवसही जातात, घाई करून हेअर ड्रायर लावू नका, वरून वाळतं आतून ओलं राहतं आणि मग भेगा.

ड्रॉईंग स्वतः काढता येत असेल तर उत्तमच, नाहीतर ट्रेस करा, लाज कसली, कारखान्यांतही ठरलेल्या आकृत्यांवरूनच काम चालतं. नवा कोरा कार्बन वापरू नका, त्याचा निळा काळा डाग नंतर देवाच्या गालातून वर येतो. वापरून झिजलेला कार्बन घ्या किंवा ट्रेसिंगच्या मागच्या बाजूला पेन्सिल घासा. आणि तो ट्रेसिंग पेपर फेकू नका, कारण मक (उठाव करायचा चॉक पावडरचा लगदा, पुढे सांगते) लावल्यावर खालच्या रेषा गायब होतात आणि मग खांबावरची वेल कुठून कुठे जात होती हे तुम्हाला आठवणार नाही. मला नाही आठवलं, माझ्या एका खांबावर वेल आहे आणि दुसऱ्यावर जिलेब्या.

खडे आधी, मक नंतर. मुकुटाच्या मधे एक मोठा लाल, कमानीच्या टोकाला एक, हारात ठराविक अंतराने छोटे, बास. हल्लीच्या किटमध्ये मूठभर खडे येतात आणि लोक ते संपवायचे म्हणून चिकटवत सुटतात, देव हरवतो आणि लग्नाची साडी दिसते. फेविकॉलचा अगदी थेंब लावून बसवा, खड्याला खरी पकड पुढे मकच्या कडेने मिळते. पूर्वी राजघराण्यातल्या आणि श्रीमंतांच्या चित्रांत हिरे माणकं बसवलेली असायची, आपल्याला काच चालते.

आता मक. शिकवणाऱ्या सगळ्याच ह्या लगद्याला मक म्हणतात आणि ह्या कामाला मक वर्क, आमच्या माटुंग्याच्या मामी (तमिळ, पण मराठी आपल्यापेक्षा शुद्ध) म्हणायच्या की पेंटिंगचा क्लास नाहीये हा, मकचा क्लास आहे, रंग तुम्ही शाळेतही भरले आहेत. आणि ते शंभर टक्के खरं आहे. साधारण दोन भाग गाळलेली चॉक पावडर, एक भाग फेविकॉल, पाणी थेंब थेंब. ब्रशने लावणार असाल तर ब्रशच्या टोकावरून थेंब लोंबला पाहिजे पण पडता कामा नये. मेंदीच्या कोनातून सोडणार असाल तर टूथपेस्टइतका. थोडा थोडाच करा आणि वाटीवर ओलं फडकं झाका, दहा मिनिटांत वर साय धरते आणि त्या सायीच्या गुठळ्या म्हणजे पुन्हा तीच गोवर.

लावायचा कसा तर घासायचा नाही, ठेवायचा. ब्रशच्या टोकावर मक घ्या, फळीला टेकवा, सरळ वर उचला, थेंब आपोआप गोल बसतो. मोत्यांच्या माळेची सगळी ट्रिक एवढीच आहे. त्याचे सारखे पन्नास थेंब एका पुठ्ठ्यावर काढा, मग फळीकडे या. सरळ रेषांना कोन बरा, मेंदी काढणाऱ्या बायकांना हे पहिल्या दिवशी जमतं, मला पंधरा दिवस लागले. खांब, कमान, सिंहासन ह्यांना आधी पातळ सपाट थर द्या, तो वाळला की त्यावर वेल, मग वेलीवर थेंब, असं मजल्यावर मजला. दागिने कमी उठावाचे, कमान जास्त. एकदम तीन चार मिलिमीटर जाड लावलात आणि वर पंखा फुल सोडलात तर सकाळी तळ्याच्या सुकलेल्या चिखलासारख्या भेगा दिसतील. सावलीत, पंखा बंद, हळूहळू. भेग पडलीच तर पातळ मक बारीक ब्रशने भरा, रडू नका, सगळ्यांची पडते.

पूर्ण वाळल्यावर (मी दोन दिवस थांबते) सपाट भाग बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा. थेंब घासू नका, ते ओलसर ब्रशने गोल करून घ्या. आणि मग फळी खिडकीशी नेऊन तिरपी धरा, उजेड एका बाजूने पडला पाहिजे. जे काही खडबडीत दिसेल ते आत्ता नीट करा. ह्या एका कामाला अख्खी संध्याकाळ दिलीत तरी चालेल. इथून पुढे दुरुस्ती नाही.

सोनं लावायच्या दिवशी पंखा आणि एसी बंद, हात कोरडे, मांजर बाहेर. जिथे लावायचं तो आकार आधी बटर पेपरवर काढून घ्या, त्या मापाने फॉईल किंचित मोठं कापा. एका वेळी छोटा भाग, अख्खी कमान एकदम घ्यायला जाऊ नका. मकवर पातळ डिंक (नाहीतर पातळ केलेलं फेविकॉल) लावा, ओली चमक जाऊन चिकटपणा येईपर्यंत एक-दोन मिनिटं थांबा, फॉईल ठेवा आणि मऊ सुती फडक्याने मधून बाहेर दाबत या. मग टूथपिकचं टोक मोडून गोल करा किंवा ब्रशची मागची बाजू घ्या, आणि थेंबांच्या मधल्या खोबणीत हलकेच फिरवा, नक्षी हळूहळू वर येते. हा क्षण भारी असतो, शेजारणीला बोलवाल. खड्यावरून फॉईल गेलं असेल तर ब्लेडच्या टोकाने त्याच्या कडेने कापून तेवढं उचला. खोल जागी फाटणारच, तिथे छोटा तुकडा वरून लावा, सोन्यावर सोन्याचा जोड दिसत नाही. डिंक वर आला तर लगेच ओलसर कापसाने टिपा, वाळला की मळकट डाग राहतो. उरलेले बारीक तुकडे काडेपेटीत जपून ठेवा, पुढे खूप लागतात. आणि फेवि क्विक वगैरे अजिबात नको.

रंग हे त्या मानाने सोपं. बॅकग्राउंड आधी, गडद लाल, बाटली हिरवा किंवा गडद निळा, सोनं ह्याच रंगांवर उठतं. मग कपडे, पडदे, उशा, लोड. मग अंग. जुन्या तंजावर चित्रांत बाळकृष्ण पुष्कळदा निळा नसून गोरापान असतो, त्यामुळे पांढरट केलात तर घरचे विचारतील, त्यांना बिनधास्त सांगा की तसंच असतं. अंगाला पांढऱ्यात थोडा पिवळा आणि ब्रशच्या टोकावर मावेल एवढाच शेंदरी, आणि कडेकडेने त्याचीच गडद छटा ओल्या ब्रशने आत मिसळत न्या म्हणजे हातपाय गोल वाटतात. ॲक्रिलिक वापरणारे बरेच आहेत, पण ते पटकन वाळतं आणि शेडिंग मिसळायला वेळ देत नाही, नवीन माणसाने पोस्टर कलरच घ्यावा, फक्त त्याच्यावर पाण्याचा थेंब पडू देऊ नका. रंग सोन्यावर गेला तर ओला असतानाच पुसा.

शेवटी ट्रिपल झिरोने गडद तपकिरी आउटलाइन. सोन्याची आणि रंगाची जिथे गाठ पडते ती वेडीवाकडी कड ह्या एका रेषेखाली जाते, पूर्ण चित्रात काही लपवायची सोय असेल तर ती एवढीच.

चेहरा सगळ्यात शेवटी, आणि चेहऱ्यात डोळे सगळ्यात शेवटी. सकाळी करा, चहा पिऊन, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. आधी कागदावर त्याच मापाचे वीस डोळे काढा. दोन्ही बुबुळं एकाच बैठकीत, आणि दर मिनिटाला दोन पावलं मागे जाऊन बघा, कारण जवळून सरळ वाटणारा देव लांबून तिरळा निघतो. चुकलं तर पुसत बसू नका, वाळू द्या, अंगाचा रंग वरून लावा आणि परत काढा. माझा बाळकृष्ण चौथ्या खेपेला माझ्याकडे बघायला लागला.

नोकरी सांभाळून शनिवार रविवार केलंत तर पहिल्या चित्राला दीड दोन महिने धरा, त्यातला बराचसा वेळ वाळण्याची वाट बघण्यात जातो. मधे कधी जमलं तर तंजावरला जाऊन या, तिरुचिरापल्लीपासून साधारण 55-60 किलोमीटर आहे. राजवाडा, सरस्वती महाल आणि देऊळ झालं की तमिळनाडू सरकारच्या पूम्पुहारच्या दुकानात जाऊन चित्रं नुसती कडेने बघा, समोरून नाही, कडेने, उठाव किती आहे ते तिथे कळतं. फोटोवरून ते कधीच कळत नाही.

फ्रेमवाल्याला एकच गोष्ट तीनदा सांगा, काच मकला टेकता कामा नये. मधे लाकडाची पट्टी टाकून अंतर ठेवायला लावा, नाहीतर तो सवयीप्रमाणे काच दाबून खिळे ठोकतो आणि तुमचे मोती सपाट. सागाची रुंद, चेट्टिनाड पद्धतीची फ्रेम शोभते पण जड होते, खिळा भिंतीत नीट बसवा. बाथरूमच्या ओल्या भिंतीवर लावू नका, थेट उन्हातही नको. आणि फ्रेमला द्यायच्या आधी फळीच्या मागे पेन्सिलने तारीख, फॉईलच्या किती शीट लागल्या आणि मकचं प्रमाण काय घेतलं ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी खरेदीला उपयोगी पडतं. माझ्या पहिल्या गणपतीच्या मागे हे सगळं लिहिलेलं आहे आणि त्याखाली सासूबाईंच्या अक्षरात "गोवर".